कारकीर्द आणि मास्तरकी

कलावंतांच्या चरित्रपर टिपणांत एक वाक्य हमखास आढळते : 'पुढे ते अध्यापनाकडे वळले.' हे वाक्य बहुधा शेवटच्या परिच्छेदात येते. त्यानंतर एखाद्या सन्मानाचा उल्लेख, मृत्यूचे वर्ष, आणि टिपण संपते. 'वळले' या क्रियापदात हमरस्ता सोडून आडवाटेला लागल्याचा भाव असतो. अध्यापन हाच ज्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय आहे अशा आम्हा मंडळींनाही ते वाक्य आजवर कधी खटकले नव्हते. ते खटकावे असे एक निमित्त घडले. त्यात दोष आमचा होता, म्हणून ते आधी सांगतो.

आम्ही तिघे पुण्याच्या पश्चिमेला बावधन येथे राहतो. (वाईजवळचे, बगाडाच्या यात्रेचे बावधन वेगळे, हे मुळशी तालुक्यातले, चांदणी चौकाच्या अंगाचे.) तिघेही मराठीचे अध्यापक, तिघेही चाळिशी ओलांडलेले. काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी लघुप्रबंधाचा विषय घेऊन आमच्याकडे आला. मुलगा मुळशीतल्याच आतल्या एका गावचा. संध्याकाळी बावधनच्या सोसायट्यांमधून मुलांना गिटार शिकवून तो आपली फी आणि खोलीचे भाडे भागवीत असे. त्याने सुचवलेला विषय अमान्सिओ डिसिल्वा या जॅझ-गिटारवादकाच्या संगीतातील कोकण आणि मुंबई यांच्या संदर्भांविषयीचा होता. ते नाव आमच्यापैकी एकानेही ऐकलेले नव्हते. आम्ही ते शोधण्याचे कष्टही घेतले नाहीत. 'विषय मराठीच्या कक्षेत येत नाही' असा शेरा मारून आम्ही कागद परत केला. त्याने निमूटपणे ग्रामीण कादंबरीवरचा एक विषय घेतला, चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला, आणि पुढे पूर्ण वेळ गिटारच शिकवू लागला.

गेल्या पावसाळ्यात एका सोसायटीच्या सभागृहात त्याच्या विद्यार्थ्यांचा छोटा कार्यक्रम झाला. आम्ही गेलो होतो. आठ-दहा वर्षांची मुले, काही कॉलेजातली, एक निवृत्त गृहस्थ. प्रत्येक जण वाजवायला बसण्याआधी आमचा हा विद्यार्थी त्याची गिटार स्वतः हाती घेऊन सुरात लावून देत होता. शेवटपर्यंत त्याने स्वतः काही वाजवले नाही. निघताना आम्ही विचारले, "हल्ली वाजवतोस कुठे?" तो हसून म्हणाला, "वाजवतोय कुठे सर, आता नुसतं शिकवतो."

हा 'नुसतं' त्याच्या तोंडी कोणी घातला, याचा विचार आम्ही घरी येईपर्यंत करीत होतो. आपण नाकारलेला विषय मग आम्ही स्वतःच उघडला. त्यातून जे हाती आले आणि जे मत बनले, ते येथे मांडत आहोत.

अमान्सिओ डिसिल्वा यांचा जन्म 1936 साली मुंबईत, गोमंतकीय आईवडिलांच्या पोटी झाला. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात संगीताचे शिक्षण हा पोर्तुगीज राजवटीपासून चर्चला जोडलेल्या शाळांचा भाग होता. तेथे 'मेस्त्रे' मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवीत. हे शिक्षण घेतलेली पिढ्यान्‌पिढ्यांची मुले मुंबईत आली, धोबी तलावाच्या परिसरातील गावोगावच्या कुडांमध्ये राहिली, आणि हॉटेलांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागली. 1935 साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि जॅझ हे संगीत या वादकांनी प्रत्यक्ष त्याच्या जाणकारांकडून ऐकले. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचे अँतोनियो शाव्हिएर वाझ, हे त्यातलेच. पुढे मुंबई प्रांतात दारूबंदी आली, हॉटेलांतील नाचगाण्याचे दिवस आटले, आणि यातले बरेचसे वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. 1951 च्या 'अलबेला'मध्ये आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी ज्या वळणाचे संगीत दिले आणि मास्टर भगवान ज्या तालावर नाचले, त्यामागे चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार होते. म्हणजे ज्याला आपण मराठी माणसाचे चित्रपटसंगीत म्हणून अभिमानाने मिरवतो, त्याच्या पोटात हे संगीत आधीच येऊन बसलेले आहे.

डिसिल्वा या परंपरेच्या उत्तरार्धातले. मुंबईत आणि उत्तरेकडील शहरांतून त्यांनी गिटार वाजवली. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांचा त्यांना आश्रय लाभला. त्यांच्या 'जयपूर' आणि 'महाराणी' या रचनांच्या नावांत त्या ऋणाची खूण राहिली आहे. 1967 साली ते आपल्या आयरिश पत्नीसह आणि मुलांसह लंडनला गेले. तेथे डेनिस प्रेस्टन या निर्मात्याने त्यांना संधी दिली आणि 1969 साली 'इंटिग्रेशन' ही त्यांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. साथीला डॉन रेंडेल आणि इयन कार हे त्या काळातील ब्रिटिश जॅझमधील आघाडीचे वादक होते. त्याच वर्षी जो हॅरियट या जमैकात जन्मलेल्या सॅक्सोफोनवादकाबरोबर 'हम दोनो' ही ध्वनिमुद्रिका झाली. तिच्यातील एका रचनेचे नाव 'बॅलड फॉर गोवा' असे आहे. 1971 साली 'रिफ्लेक्शन्स' आली आणि 1972 साली 'कॉस्मिक आय' या वाद्यवृंदाबरोबरची 'ड्रीम सीक्वेन्स'. त्याच सुमारास 'कोकण डान्स' या नावाने आणखी एक ध्वनिमुद्रण झाले. त्यात तबल्याला मुंबईचे केशव साठे होते. परंतु हे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले नाही. ते बाहेर यायला 2006 साल उजाडावे लागले, आणि तोवर डिसिल्वांना जाऊन दहा वर्षे झाली होती. 1996 साली त्यांचे निधन झाले.

ध्वनिमुद्रिकांच्या हिशेबाने पाहिले तर ही कारकीर्द 1969 ते 1972 अशी चार वर्षांची भरते. त्यानंतरची चोवीस वर्षे रिकामी. या रिकाम्या जागेत ते एकच वाक्य येते : पुढे ते अध्यापनाकडे वळले. जे. कृष्णमूर्ती यांनी इंग्लंडमध्ये हॅम्पशर परगण्यात 1969 साली स्थापन केलेल्या ब्रॉकवुड पार्क येथील शाळेत डिसिल्वांनी संगीत शिकवले. पुणेकरांना कृष्णमूर्ती परके नाहीत. त्यांच्याच विचारांवर चालणारी सह्याद्री स्कूल ही शाळा राजगुरुनगरजवळच्या डोंगरावर 1995 पासून उभी आहे. स्पर्धेवाचून आणि तुलनेवाचून शिक्षण असावे, हा या शाळांचा आग्रह. ज्या माणसाची स्वतःची कारकीर्द बाजाराच्या तराजूत हलकी ठरली, त्याने अशा ठिकाणी शिकवावे हा निव्वळ योगायोगही असेल. पण तो आम्हाला अर्थपूर्ण वाटतो.

आता आमच्या शेऱ्याकडे वळू. हा विषय मराठीच्या कक्षेत येत नाही, असे आम्ही म्हटले होते. त्यामागे न बोललेली दोन गृहीतके होती. एक, जॅझ आणि ब्लूज हे परके संगीत आहे. दोन, मराठीच्या अभ्यासकाने संगीताविषयी बोलायचेच तर ते नाट्यसंगीत, भावगीत, लावणी किंवा फार तर अभिजात गायकीविषयी बोलावे. पहिल्या गृहीतकाविषयी आधी बोलू.

वाद्य परके आहे म्हणून संगीत परके, हा युक्तिवाद महाराष्ट्रात तरी कोणी करू नये. पेटी परदेशातून आली. आकाशवाणीने तिच्यावर 1940 पासून कित्येक वर्षे बंदी घातली होती, आणि बंदी घालणाऱ्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, कारण पेटीच्या पट्ट्यांतून मींड निघत नाही. तरीही गोविंदराव टेंब्यांच्या हातून ती आपली झाली. व्हायोलिन परके होते. गजाननबुवा जोशांनी ते आपले केले. गिटारच्या बाबतीत एक मार्ग ब्रिजभूषण काब्रा यांनी दाखवला : गिटार आडवी ठेवायची, पडद्यांवर बोटे न दाबता तारेवरून धातूची कांडी सरकवायची, आणि वाद्यालाच मींड काढायला लावायची. वाद्याने रागाकडे यायचे, असा हा मार्ग. डिसिल्वांनी नेमके उलटे केले. त्यांनी गिटार गिटारच ठेवली, पडदे ठेवले, जॅझची बैठक ठेवली, आणि त्यात आपल्या कानात असलेली चलने आणली.

हा फरक साहित्याच्या अभ्यासकाला चटकन कळावा असा आहे. त्याच सुमारास लंडनमध्ये कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जो हॅरियट यांचा 'इंडो-जॅझ फ्यूजन्स' हा प्रयोग गाजत होता. त्यात एका बाजूला जॅझचे पाच वादक आणि दुसऱ्या बाजूला सतार, तबला वगैरे धरून पाच, अशी मांडणी असे. केशव साठे त्यातही होते. प्रयोग महत्त्वाचा होता. पण तेथे दोन संगीते शेजारी शेजारी बसलेली ऐकू येतात. 'इंटिग्रेशन'मध्ये सतार नाही, तबला नाही, तानपुरा नाही. गिटार, सॅक्सोफोन, ट्रंपेट, बास आणि ड्रम एवढेच. तरीही तेथे काही वेगळे चालले आहे हे पहिल्याच रचनेत कळते. ते वेगळेपण वाद्यांत नसून वाक्यरचनेत आहे. आपल्याकडे ग्रामीण साहित्याच्या चर्चेत हा प्रश्न किती वेळा आला! संवादांत बोलीभाषा पेरली की कथा ग्रामीण होते, की अनुभवाची घडणच त्या मातीची असावी लागते? या प्रश्नावर आम्ही वर्गात तासन्‌तास बोललो आहोत. त्याच प्रश्नाचे सुरांतले उदाहरण एक विद्यार्थी घेऊन आला, तेव्हा आम्हाला ते ओळखता आले नाही.

जॅझची बैठक म्हणजे काय, तेही थोडक्यात सांगायला हवे. एक ठरलेली चाल सर्व जण मिळून मांडतात. मग त्या चालीखाली असलेल्या स्वरसंघातांच्या क्रमावर, ज्यांना इंग्रजी शब्दानेच आपण 'कॉर्ड' म्हणतो, एकेक वादक आपापला विस्तार करतो. शेवटी चाल पुन्हा येते. आपल्या बंदिशीशी आणि विस्ताराशी याचे नाते कोणालाही जाणवेल. फरक एवढाच की आपल्याकडे पायाला षड्ज अचल असतो. जॅझमध्ये पायाच सतत सरकत असतो आणि वादकाला त्या सरकत्या पायावर तोल सांभाळत बोलायचे असते. डिसिल्वांच्या अनेक रचनांत हा पाया मुद्दाम संथ केलेला आहे असे आम्हाला जाणवले. स्वरसंघात क्वचित बदलतात. त्यामुळे एकाच स्वरावर रेंगाळणे, त्याला दोन्ही बाजूंनी हात लावून पाहणे, असा आपल्या ओळखीचा व्यवहार तेथे शक्य होतो. 'हम दोनो'मध्ये गिटार आणि सॅक्सोफोन एकच चाल एकसुरात वाजवतात. त्या क्षणी मुंबईचा एक स्थलांतरित आणि जमैकाचा एक स्थलांतरित तिसऱ्याच शहरात एका आवाजात बोलत असतात. हॅरियट 1973 साली विपन्नावस्थेत वारले, हे कळल्यावर ती ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐकताना बरे वाटत नाही.

ब्लूजचे प्रकरण याहूनही आमच्या दारचे आहे. ब्लूजचा सर्वांत रूढ साचा बारा मात्रागटांचा. त्यात तीन ओळी बसतात. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. खाली षड्ज, मध्यम आणि पंचम यांच्यावर उभे असलेले तीनच स्वरसंघात. गांधार आणि निषाद शुद्धही नाहीत आणि पूर्ण कोमलही नाहीत, मधल्या जागी. गिटारवादक ती जागा तार बोटाने ओढून गाठतो. पहिली ओळ पुन्हा गाताना गाणाऱ्याला तिसरी ओळ सुचायला अवधी मिळतो, हा या साच्याचा व्यावहारिक उपयोग. आमच्या मुळशी-मावळातल्या बायका जात्यावर ओवी म्हणताना ओळीचे तुकडे घोळवीत, परतपरत म्हणत पुढच्या ओळीकडे जात, त्याची येथे आठवण होते. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी या डोंगरातल्या गावांपासून सुरुवात करून महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बावधनच्या पलीकडचा रस्ता त्याच गावांकडे जातो.

मात्र येथे सावध राहिले पाहिजे. ओवी म्हणजे आपला ब्लूज, असे सोपे समीकरण मांडून टाळ्या मिळवता येतात, पण ते खरे नाही. ब्लूजच्या मागे गुलामगिरीचा आणि गुलामगिरीनंतरच्या वर्णद्वेषाचा विशिष्ट इतिहास आहे. 1920 पासून ब्लूजच्या तबकड्या बाजारात विकल्या जाऊ लागल्या आणि गाणाऱ्यांची नावे त्यांवर छापली गेली. जात्यावरच्या बायकांना बाजार नव्हता, त्यामुळे नावेही नव्हती. ती नावे नोंदवली हे पॉइटवां आणि राईरकर यांच्या कामाचे मोठेपण. साम्य आहे ते श्रम आणि शब्द यांच्या नात्यात, आणि पुनरुक्तीतून विचार पुढे नेण्याच्या रीतीत. एवढे साम्य अभ्यासाला पुरेसे आहे. अरुण कोलटकरांना ब्लूजची ओढ होती आणि ते पखवाजही शिकले होते. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदत होत्या, हा प्रश्न आम्ही वर्गात कोलटकर शिकवताना कधी उपस्थित केला नाही. जी कविता आम्ही डोळ्यांनी शिकवत आलो, तिला एक कानही होता.

दुसरे गृहीतक अधिक खोल आहे. संगीताविषयी मराठीत उत्तम लिहिले गेले. वामनराव देशपांडे यांचे 'घरंदाज गायकी' 1961 साली आले. अशोक रानडे यांनी आयुष्यभर संगीताची मराठी परिभाषा घडवली. या लेखनाचे ऋण आम्ही मानतो. पण या परंपरेच्या यशाचा एक परिणाम असा झाला की घराणे हे आपल्या संगीतविचाराचे एककच बनले. ज्याला घराणे नाही, त्याच्याविषयी बोलायला आपल्याकडे शब्द नाहीत. मुंबईच्या जॅझचा सविस्तर इतिहास नरेश फर्नांडिस यांनी 2012 साली 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात मांडला. तो इंग्रजीत आहे. मुंबई महाराष्ट्राची म्हणून आपण भांडलो, मात्र त्या मुंबईत रात्री उशिरापर्यंत वाजणारे संगीत कोणाचे, याची चौकशी मराठीत फारशी झाली नाही. आडनाव डिसिल्वा, गोन्साल्विस, फर्नांडिस असले की ते आपल्या हिशेबात येत नाही, हे कबूल करायला अवघड असले तरी कबूल केले पाहिजे. अँथनी गोन्साल्विस हे नाव 1977 च्या एका चित्रपटातील गाण्यामुळे घरोघरी पोहोचले. ते माजोर्ड्याच्या एका खऱ्याखुऱ्या व्हायोलिनवादकाचे आणि शिक्षकाचे नाव आहे, आणि प्यारेलाल यांनी त्या गाण्यातून आपल्या गुरूला वंदन केले, हे किती जणांना ठाऊक आहे? नाव प्रसिद्ध झाले, आणि माणूस 2012 साली गेला तेव्हा त्याची ओळख पुन्हा त्या गाण्यावरूनच करून द्यावी लागली.

येथून आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. शिकवणे ही कारकीर्द मानायची की नाही?

भास्करबुवा बखल्यांचे (1869–1922) उदाहरण घेऊ. त्यांचे गाणे आज आपल्याला ऐकायला मिळत नाही. असे असूनही त्यांच्या थोरवीविषयी कोणाला शंका नाही. का? कारण मास्टर कृष्णराव आणि बालगंधर्व त्यांच्यापाशी शिकले, आणि 1911 साली त्यांनी पुण्यात सुरू केलेला भारत गायन समाज आजही उभा आहे. म्हणजे शिष्यांवरून गुरूची किंमत करायची रीत आपल्याला पूर्ण परिचित आहे. ध्वनिमुद्रण नसल्याने भास्करबुवांची कारकीर्द आपण लहान मानली नाही. मग तीच रीत सोसायटीच्या सभागृहात मुलांची गिटार लावून देणाऱ्या शिक्षकाला किंवा ब्रॉकवुड पार्कच्या वर्गात बसलेल्या डिसिल्वांना का लावू नये?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. भास्करबुवांनी स्वेच्छेने विद्या दिली. डिसिल्वांसारख्यांना मात्र परिस्थितीने शिकवणीकडे ढकलले. सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये त्यांच्या तऱ्हेच्या जॅझला ध्वनिमुद्रण-कंपन्यांकडून मिळणारा आधार आटला. एक तयार ध्वनिमुद्रण तीस-पस्तीस वर्षे पडून राहते, ही उपेक्षाच आहे, आणि 'त्यांनी अध्यापनात समाधान शोधले' असे म्हणून तिच्यावर पांघरूण घालता येणार नाही. त्या चोवीस वर्षांत आणखी चार ध्वनिमुद्रिका झाल्या असत्या, तर आपण सर्वच अधिक श्रीमंत झालो असतो. हे आम्हाला मान्य आहे. शिकवणीचे गोडवे गाऊन कलावंताच्या पोटाचा प्रश्न सुटत नाही. आमच्यासारख्या कायम पगार घेणाऱ्यांनी तर ते गाऊच नयेत. तासिका तत्त्वावर शिकवणारे आमचेच सहकारी या बाबतीत आम्हाला दोन गोष्टी सुनावतील.

परंतु उपेक्षा झाली, हे म्हणणे वेगळे, आणि उपेक्षेनंतर जे काम झाले ते कामच नव्हते, असे म्हणणे वेगळे. पहिल्यात बाजारावर टीका आहे. दुसऱ्यात आपण बाजाराचाच हिशेब पुढे चालवतो. कंपनीने नोंद ठेवली नाही म्हणून आपणही ठेवायची नाही, हा कुठला न्याय? ज्या मुलाने त्या वर्गात पहिल्यांदा तार ओढून तो मधला गांधार गाठला असेल, त्याच्या बोटांत डिसिल्वांची कारकीर्द चालूच होती. तिला तबकडी नव्हती, एवढेच.

भाषा येथे आमच्या मदतीला येते. गोव्याच्या शाळेतला 'मेस्त्रे' आणि आपल्या बांधकामावरचा 'मिस्त्री' हे एकाच पोर्तुगीज शब्दाचे वंशज. आपला 'मास्तर' इंग्रजीतून आला, पण मागे जाता जाता तोही त्याच लॅटिन मुळापाशी पोहोचतो. हाताने काम करणारा, काम जाणणारा आणि काम शिकवणारा, हे तिन्ही त्या मुळात एकत्र आहेत. त्यांची फारकत आपण केली. 'कारकीर्द' हा फारसी शब्द मात्र आपण प्रामुख्याने राज्यकर्त्याच्या अमदानीसाठी वापरत आलो, आणि मग तो कलावंताला लावताना अमदानीचीच मापे लावली : किती मुलूख जिंकला, किती वर्षे गादी टिकली. मूळ फारसीत त्या शब्दात 'केलेले काम' एवढाच अर्थ आहे. तो अर्थ परत आणला, तर पुष्कळ माणसांचा हिशेब नव्याने मांडावा लागेल.

यातून काही करण्याजोग्या गोष्टी निघतात. मराठी विभागांनी संशोधनाच्या विषयांची कक्षा ठरवताना विषयाच्या आडनावाकडे किंवा वाद्याकडे न पाहता त्यातील प्रश्नाकडे पाहावे. स्वरसंघात, चाल, पाया, मात्रागट असे शब्द वापरून या संगीताविषयी मराठीत लिहिण्याचा सराव करावा. परिभाषा लिहिता लिहिताच घडते. आणि सर्वांत निकडीचे म्हणजे मुंबईच्या वांद्र्यापासून पुण्याच्या कॅम्पापर्यंत आणि मडगावापर्यंत जे जुने वादक-शिक्षक आज हयात आहेत, त्यांच्या मुलाखती मराठीत आणि कोकणीत नोंदवाव्यात. पन्नास-साठच्या दशकांत वाजवणारी पिढी जवळजवळ संपली आहे. त्यांच्याकडे शिकलेली पिढीही आता साठी-सत्तरीत आहे. ओव्यांच्या बाबतीत कोणी तरी दारोदार गेले म्हणून एक लाख ओव्या वाचल्या. येथे कोणी गेलेले नाही.

आमच्यापुरती सुरुवात म्हणून आम्ही त्या विद्यार्थ्याकडे गेलो. झाली ती चूक होती, असे त्याला सांगितले, आणि तो नाकारलेला निबंध आता, पदवीची अट नसताना, त्याने लिहावा अशी विनंती केली. ध्वनिमुद्रिकांवर लिहीच, पण त्यापेक्षा अधिक त्या चोवीस वर्षांवर लिही, असेही सुचवले. तो काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्याबद्दल लिहायला काही सापडत नाही ना सर. रेकॉर्ड कुठे आहे?" आमच्यातल्या बाईंनी त्याला विचारले, "तुझ्या मुलांना तू पहिल्या दिवशी काय शिकवतोस?" त्याने लगेच सांगायला सुरुवात केली : पहिल्या दिवशी गिटार वाजवायची नाही, नुसती कान लावून सहा तारा सुरात आणायच्या, कितीही वेळ लागो, त्याने लावून द्यायच्या नाहीत, फक्त कार्यक्रमाच्या दिवशी मुले घाबरलेली असतात म्हणून तो लावून देतो. हे सांगताना तो अर्धा तास बोलला, आणि त्यात 'नुसतं शिकवतो' एकदाही आले नाही. आम्ही ते लिहून घेतले आहे.

निबंधाचे काय, असे निघताना विचारले. लिहीन म्हणाला, पण शनिवारी. बाकीच्या दिवशी क्लास असतात. आम्ही तिघांनी आमचे शनिवार मोकळे ठेवले आहेत.